कोकणात फोर बाय फोर आणताय? आधी गेज आणि फावडं घ्या, विंचचं नंतर बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याचे तिघे मित्र, एक नवी डिझेल थार आणि एक जिम्नी. दिवाळीनंतर हरिहरेश्वरहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत जायचं, मधे दोन-तीन कच्च्या वाटा करायच्या. सोबत कोणती हत्यारं आणि गाडी काढायचं कोणतं सामान घ्यावं, आणि आहे त्या बजेटमध्ये थारला विंच, म्हणजे गाडीपुढे बसवलेला, मोटरने दोर गुंडाळून गाडी ओढणारा रहाट, बसवावा का?

विंचचं आधीच सांगून टाकतो: आत्ता नको. कारण पुढे येईल. दोन गाड्या आहेत हे वाचून मात्र जीव भांड्यात पडला. एकट्या गाडीने कच्च्यात शिरणाऱ्याला मी वेगळी यादी देतो आणि तिच्यात पहिलं नाव जवळच्या जेसीबीवाल्याचं असतं.

मी रत्नागिरी जिल्ह्यात राहतो. सीझनला पाहुण्यांच्या रुतलेल्या गाड्या काढायला मला हाक मारतात. बहुतेक गाड्यांत सामान भरपूर असतं. पाच-दहा हजारांचे लाइट बार असतात, छतावर चकचकीत कुऱ्हाड अडकवलेली असते, पण टायरमधली हवा मोजायला साधा गेज नसतो. म्हणून माझी यादी हवेपासून सुरू होते. त्याच्याही आधी एक गोष्ट येते, तिला पैसे लागत नाहीत: भरती-ओहोटीची वेळ.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी मुळात घालूच नये या मताचा मी आहे. कित्येक गावांनी मनाईचे बोर्ड लावलेत, पोलीस गुन्हेही दाखल करतात. वेळास, आंजर्ले अशा ठिकाणी हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला वर येतात. वाळूखालचं घरटं टायरखाली गेलं तर तुम्हाला पत्ताही लागणार नाही. पण गाडी वाळूत जाते ती दर वेळी हौसेनेच जाते असं नाही. सुरूच्या बनातलं पार्किंग वाळूतच असतं, होमस्टेची वाट पुळणीला घासून जाते, समोरून टेम्पो आला म्हणून दोन फूट बाजूला घेतली की चाक बसलंच. तेव्हा समुद्र कुठे आहे आणि कुठे येणार आहे, हे ठाऊक हवं.

आमच्याकडचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा, भरतीचा अंदाज येतो. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि सहा तासांनी, नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. गावागणिक तासभर इकडेतिकडे होतं, म्हणून मोबाइलवरचं कोष्टक बघाच. पण रेंज गेली तर कॅलेंडरवरची तिथी पुरते. आता यातली गोम बघा. अमावास्या-पौर्णिमेला, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, भरती दुपारी-मध्यरात्री बाराच्या आसपास असते, म्हणून ओहोटी पडते नेमकी संध्याकाळी, सूर्यास्ताच्या वेळेला. पुळण इतर दिवसांपेक्षा जास्त उघडी पडते, ओली वाळू कडक लागते आणि फोटोसाठी गाडी खाली न्यायचा मोह होतो. मग अंधार पडायला लागतो आणि पाणी फिरतं. पहिल्या तासात ते एकूण चढणीच्या जेमतेम बाराव्या हिश्श्याने वर येतं, त्यामुळे ‘अजून लांब आहे’ असं वाटतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र दर तासाला चौथाई चढतं. गाडी रुतली आणि तासभर चाकं फिरवण्यात घालवला, की पुढे मदतीला आलेल्या माणसाच्या हातात फारसं काही उरत नाही. भरती-ओहोटीतला फरक रायगडकडे जास्त आणि खाली सिंधुदुर्गाकडे कमी असतो, हेही ध्यानात ठेवा. हरिहरेश्वरचा अंदाज वेंगुर्ल्याला जसाच्या तसा लावू नका.

आता हवा. डांबरावर तुमच्या गाड्या तीसच्या आसपास पीएसआयवर चालत असतील. वाळूत ती पंधरा-सोळावर आणा. टायर खाली पसरतो, जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि तेच वजन जास्त जागेवर वाटलं जातं. लाल मातीच्या चिखलात अठरा-वीस, कातळावर बावीस-पंचवीस. बाराच्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. हे सगळं करायला वेगळा, हातातला गेज लागतो. कॉम्प्रेसरवरच्या काट्यावर विसंबू नका. आणि हवा सोडणार म्हणजे परत भरायला कॉम्प्रेसर आलाच. कमी हवेत डांबरावर वेगाने गाडी हाकली तर टायरची बाजू तापते आणि फाटते. इथे पेट्रोल पंप हाकेच्या अंतरावर नसतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे पंप एका टायरला जीव खाऊन चालतात आणि तिसऱ्या टायरला फ्यूज उडवतात. थेट बॅटरीला चिमटे लावायचा, जाड सिलिंडरचा घ्या. तुमच्या बजेटचा मोठा वाटा इथे गेला तरी चालेल.

वाळूत चालवतानाही थोडं जपा. जोरात ब्रेक मारला की चाकापुढे वाळूची पाचर तयार होते. गती आपोआप मरू द्या आणि उभी करताना तोंड उताराकडे ठेवा. चाक जागच्या जागी फिरतंय असं वाटलं की त्याच क्षणी पाय उचला. अर्ध्या चाकापर्यंत रुतलेली गाडी दोन माणसं काढतात. चेसिसवर बसलेली गाडी काढायला गाव जमा करावं लागतं.

मागे दापोली तालुक्यातल्या एका पुळणीवर असाच गाव जमला होता. मी पोचलो तेव्हा एक मोठी एसयूव्ही पोटावर बसली होती आणि चारही चाकं हवेत असल्यासारखी सैल फिरत होती. ट्रॅक्टर आणलेला. होडीचा जुना, उन्हाने पांढरा पडलेला दोर गाडीच्या पुढच्या बाजूला खालच्या एका कडीत बांधलेला. ती कडी गाडी ट्रेलरवर नेताना आवळून ठेवण्यासाठी असते, ओढण्यासाठी नाही. थांबा म्हणेपर्यंत ट्रॅक्टरने झटका दिला. कडी बोल्टासकट उपटून निघाली आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर अशी आदळली की पत्र्याला मूठभर खड्डा पडला. ड्रायव्हरची पाठ तिथून दोन हात लांब होती. तो खाली उतरला, खड्ड्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, “आता तुमचा तुम्ही काढा.” मग आम्ही फावड्यांनी पोटाखालची वाळू काढली, टायर चौदावर आणले, पुढच्या चाकांपुढे चढ मोडून उतार केला, दोन ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे चाकाला पकड देणाऱ्या दातेरी फळ्या, सारले आणि गाडी स्वतःच्या इंजिनावर, पहिल्या गिअरमध्ये, हळूहळू वर आली. दोराची गरजच पडली नाही.

म्हणून दुसरी खरेदी फावड्याची. घडीचं, सैनिकी थाटाचं फावडं पावसाळी तंबूभोवती चर खणायला ठीक. पोटाखालची वाळू ओढायला लांब दांड्याचंच लागतं. गावच्या हार्डवेअरच्या दुकानातलं साधं फावडं घ्या, दांडा गाडीत मावेल एवढा कापून घ्या. एक कोयता घ्या, आडवी फांदी, कारवीची जाळी, कशालाही उपयोगी. पहार घेतली तर कातळात अडकलेला दगड हलवता येतो. थारमध्ये जागा असेल तर टाका, जिम्नीत नको. ट्रॅक्शन बोर्डची एक जोडी पुरे. बोर्ड चाकाखाली घट्ट बसवा, आधी उकरून, आणि बोर्डच्या मागे कोणी उभं राहू नका. चाक घसरलं तर तो गोळीसारखा मागे सुटतो. चाक बोर्डवर गरगर फिरवलं तर त्याचे दात वितळतात, आणि मग ती महाग घसरगुंडी. बोर्ड नसतील तर माडाच्या झावळ्या किंवा ओलं गोणपाट थोडंफार काम देतं. गाडीतली पायपुसणी देत नाहीत, ती चाक मागे फेकून देतं.

जॅकखाली ठेवायला दीड फूट चौरस जाड फळी हवी, नाहीतर वाळूत गाडीऐवजी जॅक खाली जातो. उंच हाय-लिफ्ट जॅक फोटोत छान दिसतो, पण नव्या गाड्यांना त्याला धरायला जागाच नसते, आणि दांडा सुटला तर जबड्यावर येतो. गाडीसोबतचा जॅक किंवा बॉटल जॅक पुरे.

आता पट्टा, आणि इथे दोन गाड्यांमुळे तुमचा प्रश्न जरा वेगळा होतो. टो करायचा साधा पट्टा ताणत नाही; तो बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर हळू ओढायला आहे. रुतलेल्या गाडीला त्याने झटका दिला तर सगळा धक्का धातूवर जातो. काढायला लागतो तो कायनेटिक दोर किंवा स्नॅच पट्टा, जो वीस-तीस टक्के ताणतो आणि ती साठलेली ताकद हळूहळू सोडतो. दुकानदार ‘जितका जाड तितका भारी’ म्हणून आठ-दहा टनांचा गळ्यात मारतो. नियम असा की पट्ट्याची तुटण्याची ताकद हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट असावी. जिम्नीचं भरलेलं वजन दीड टनाच्या थोडं वर आहे, म्हणजे साडेचार-पाच टनांचा पट्टा. जिम्नीसाठी दहा टनांचा घेतला तर तो ताणणारच नाही, लोखंडी साखळीसारखा वागेल. थार जास्त वजनदार आहे, पण पट्टा निवडताना हिशोब जिम्नीचाच धरायचा.

पट्टा गाडीला जोडायला दोन सॉफ्ट शॅकल, म्हणजे दोराच्या जोडकड्या, घ्या. तुटले तरी उडून डोकं फोडत नाहीत, आणि खाऱ्या हवेत गंजतही नाहीत. लोखंडी बो शॅकल घेतलेच तर त्यावर ४.७५ टन असं कोरलेलं बघून घ्या; काही न कोरलेला शॅकल भंगारात. पिन हाताने पूर्ण आवळून किंचित मागे सोडा, नाहीतर ताणानंतर ती उघडत नाही. दोन पट्टे एकमेकांना जोडताना मधे शॅकल कधीच नको. पट्टा तुटला तर तो शॅकल तोफगोळा होतो. एकमेकांत ओवून घ्या आणि मधे घट्ट गुंडाळलेलं वर्तमानपत्र सारा, म्हणजे गाठ सुटते. ट्रेलर ओढायच्या टो बॉलला पट्टा अडकवायचा नाही, कुणीही कितीही म्हटलं तरी. तुमच्या दोन्ही गाड्यांची ओढायची अधिकृत जागा कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये घरीच बघा आणि खाली वाकून हात लावून या. अंधारात, गुडघाभर पाण्यात ती शोधायची वेळ येऊ नये.

ओढताना पट्ट्यात दोनेक मीटर ढील ठेवायची, ओढणाऱ्याने लो रेंजमध्ये (फोर बाय फोरचा जास्त ताकदीचा, कमी वेगाचा टप्पा) दुसऱ्या गिअरात सावकाश निघायचं, आणि रुतलेल्यानेही हलकं रेस द्यायचं. पट्ट्यावर भरलेली सॅक किंवा ओलं गोणपाट टाका. बघे पट्ट्याच्या दीडपट लांब. हे बघ्यांचं प्रकरण आमच्याकडे सगळ्यात अवघड. जो तो सूचना देत असतो आणि मुलं पट्ट्यावरून उड्या मारतात. तुमच्यापैकी एकानेच हुकूम सोडायचे, आणि त्याने ओढायच्या आधी मुलांना मागे घ्यायचं.

कातळाकडे येऊ. सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाचा, जांभा दगड सपाट दिसतो, पण कडा कोयत्यासारख्या असतात आणि टायरची बाजू कापतात. ट्यूबलेसची पंक्चर किट टायरच्या तोंडावरच्या भोकाला उत्तम, बाजूच्या चिरेला तिचा उपयोग नाही. तेव्हा स्टेपनी पूर्ण मापाची, आणि निघण्याआधी तिच्यात हवा. चाकाचे नट सुटायला दोन फुटांचा पाइप सोबत ठेवा, टायरवाल्यांच्या मशीनने आवळलेले नट गाडीतल्या पान्याने हलत नाहीत. आणि वाट सोडून सड्यावर गाडी फिरवू नका. बारसू, देवीहसोळ, कशेळी, उक्षी अशा सड्यांवर कातळशिल्पं आहेत. ती २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. कितीतरी ठिकाणी कुंपण नाही, आणि उन्हं डोक्यावर असताना ती दिसतही नाहीत.

दिवाळीनंतर गवत वाळलेलं असतं, कमरेइतकं. ते खाली एक्झॉस्टच्या आसपास गुंततं आणि बीएस-सहा डिझेलचा फिल्टर साफ होत असताना एक्झॉस्ट भलताच तापतो. थारवाल्यांनी गवतातून बाहेर आल्यावर उतरून खाली बघायचं, हाताने उपसायचं. एक-दोन किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताला येईल असा. डिकीत सामानाखाली असेल तर नसल्यातच जमा.

चिखलाचा तुम्हाला फारसा त्रास होऊ नये, पाऊस संपलेला असेल. पण खाडीकाठच्या खाजणाचा, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीचा, काळा चिखल बारमाही असतो. वरून सुकून पापुद्रा धरतो, खाली लोण्यासारखा. तिथे चाक नुसतं बुडत नाही, शोषलं जातं. पुढून खणून हवा आत शिरेपर्यंत सुटत नाही. अॅक्सलपर्यंत रुतली तर गाडीच्या वजनाइतकी ओढ लागते, बॉडीपर्यंत गेली तर दुपटीच्या घरात. विंचचा खरा उपयोग इथे आणि पावसाळ्यातल्या घाटवाटांवर. विंच म्हणजे त्याचं चाळीसेक किलो वजन पुढच्या अॅक्सलवर, शिवाय लोखंडी बंपर. आणि पुढे आडवे लोखंड लावण्यावर कारवाई करा असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. एअरबॅगच्या सेन्सरचा प्रश्न वेगळाच. त्यात विंचचा दोर बांधायला समोर काहीतरी लागतं. पुळणीवर झाडच नसतं, स्टेपनी खड्ड्यात पुरून तिला बांधायची वेळ येते. आणि जिथे झाड असतं तिथे ते बहुधा कुणाच्या तरी हापूसचं कलम असतं. माडाला बांधू नका, पोफळीला तर नाहीच. ऐन, किंजळ असलं जंगली, जाड झाड आणि भोवती रुंद पट्टा. तेव्हा एखादा पावसाळा इथे काढल्यावर विंच वाटलाच तर घ्या. तोपर्यंत दीड टनाचा हाताने चालवायचा वायर रोप पुलर आणि एक स्नॅच ब्लॉक, म्हणजे दोर वळवून घ्यायची कप्पी, भाड्याने मिळाला तर बघा. ब्लॉकने ओढ जवळजवळ दुप्पट होते, गती निम्मी.

पाणी: व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडताना आधी एकाने चालत जाऊन बघायचं. थारची ६५० मिलिमीटरची क्षमता कंपनी सांगते ती साचलेल्या, तळ कडक असलेल्या पाण्याची समजा. इंजिन पाण्यात बंद पडलं तर परत स्टार्टर मारू नका. ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर बघा. तो ओला असेल तर मेकॅनिकच.

हत्यारांचं थोडक्यात: आठ ते एकोणीसचे पाने-सॉकेट, पक्कड, दोन्ही जातीचे स्क्रू ड्रायव्हर, जंपर केबल, फ्यूज, केबल टाय, इन्सुलेशन टेप, होज क्लिप, एम-सील, लिटरभर इंजिन ऑइल आणि कूलंट. डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकी एक, हातात टॉर्च धरून खणता येत नाही. चामडी हातमोजेही प्रत्येकी एक जोड, आणि त्याचं कारण फक्त दोर नाही. चाकाला उटी, म्हणजे अडसर, लावायला तुम्ही कडेचा चिरा उचलणार, आणि त्याखाली फुरसं, हा विषारी साप, असू शकतं. रत्नागिरीच्या कातळावर ते भरपूर, मातीच्या रंगाचं, वीतभर-हातभर, चटकन दिसत नाही. आधी काठीने दगड उलटा, मग हात घाला. चावलंच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही नको. हात-पाय स्थिर ठेवून सरळ १०८ ला फोन किंवा जवळचं ग्रामीण रुग्णालय, प्रतिविष तिथे मिळतं. विंचवाचंही तेच, वेळ घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवावर प्राझोसिनचा उपचार रूढ केल्यापासून माणसं वाचतात, पण वेळेत पोचली तर.

हे सगळं ठेवायचं कसं, यावर कुणी विचारत नाही. गाडी रुतते तेव्हा ती तिरकी असते आणि मागचं दार उघडताना बॅगा अंगावर येतात. फावडं, पट्टा, शॅकल, गेज, हातमोजे एका पिशवीत, सगळ्यात वर. दोन्ही गाड्यांत निम्मं-निम्मं वाटू नका. पट्टा एकीत आणि शॅकल दुसरीत, आणि दुसरी खाडीपलीकडे फेरीतून उतरून गेलेली, असं होतं. पट्टा-शॅकलचा एक पूर्ण संच प्रत्येक गाडीत.

परत गेल्यावर लगेच, दुसऱ्या रविवारची वाट न बघता, गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवा. चेसिसच्या पोकळ्यांत पाइप घालून, वाळू पडायची थांबेपर्यंत. कायनेटिक दोर बादलीत भिजत घाला, आतली वाळू निघाली पाहिजे, ती धाग्यांना आतून कापते. सावलीत वाळवा. लोखंडी शॅकलच्या पिनला ग्रीसचं बोट.